दागिना मोडताना: आधी मालकी, मग भाव

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत जून महिना घरातल्या सोन्याची कसोटी पाहतो. मृगाचा पाऊस पडला की सोयाबीनचे बियाणे आणि खताची पोती उचलावी लागतात, आणि त्याच सुमारास शिकवणीची, वसतिगृहाची, कॉलेजची फी समोर उभी राहते. लातूर पॅटर्न म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिकवणीच्या ओढीने आलेल्या मुलांच्या घरी तर हा खर्च बियाण्याच्या कितीतरी पट असतो. सोयाबीन बाजार समितीत जाऊन पैसे हाती यायला दसरा-दिवाळी उजाडते. मधल्या चार महिन्यांत घराची नजर कपाटातल्या डब्याकडे वळते. तिथे आजीची बोरमाळ असते, सासूच्या पाटल्या असतात, पुतळ्यांची माळ असते. संध्याकाळी बोलणे होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लातूरच्या गंजगोलाईत नाहीतर नांदेडच्या सराफ्यात डाग वितळलेला असतो. २०२५ मध्ये सोन्याने १० ग्रॅमला एक लाखाचा टप्पा ओलांडला. त्या वर्षीचा सोयाबीनचा ५,३२८ रुपये हमीभाव धरला, तरी एवढ्या पैशाला जवळजवळ १९ क्विंटल माल घालावा लागतो. एवढ्या मोलाचा जमिनीचा तुकडा विकायचा तर माणूस तलाठ्याकडे खेपा घालतो, सातबारा काढतो, बहिणींच्या सह्या घेतो. सोन्याला सातबारा नाही, म्हणून कोणाला काही विचारलेही जात नाही.

या विषयावर घरोघरी होणारा वाद भावना आणि पैसा यांच्यात मांडला जातो. एक बाजू म्हणते, ही आजीची खूण आहे, घरातली लक्ष्मी बाहेर काढू नये. दुसरी म्हणते, डब्यात पडून काय उपयोग, नातवाची फी भरली गेली तर आजीलाच समाधान. दोघेही मनापासून बोलतात. पण तो डाग आज कोणाचा आहे, हे दोघांनीही ठरवलेले नसते. विकावे का, कुठे विकावे, कोणत्या भावाने विकावे, हे सगळे प्रश्न मालकीच्या प्रश्नानंतरचे आहेत, असे माझे म्हणणे आहे. आणि मालकी आधी ठरली तर बाकीचे बरेचसे सोपे होतात. विकण्यात गैर काहीच नाही. मराठवाड्याने सोने जपले तेच अडीनडीला मोडता यावे म्हणून. निजामाच्या राज्यातला हाली सिक्का १९५० च्या दशकात चलनातून गेला, १९७२ चा दुष्काळ आला, १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा काळात ज्या घरात चार डाग होते त्याला तेवढा तरी आधार होता. तेव्हा घरातली लक्ष्मी बाहेर काढू नये हा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही. संकटात कामी येणे हेच तिचे काम होते. माझी तक्रार आहे ती बायकांचे सोने त्यांना न विचारता विकले जाण्याबद्दल.

ही मालकी कुठून आली ते पाहिले तर गोष्ट फार जुनी निघते, आणि घराजवळचीही. लातूर जिल्ह्याला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथे सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली, जिच्यावर हिंदू वारसा कायद्याचा मोठा भाग शतकानुशतके चालला. जमीन आणि घर यांच्या बाबतीत मिताक्षरेने मुलींना जवळजवळ बाहेर ठेवले. स्त्रीधनाच्या, म्हणजे बाईच्या स्वतःच्या मालमत्तेच्या, बाबतीत मात्र तिने उलटा क्रम लावला: आईचे धन आधी मुलींकडे, त्यातही अविवाहित मुलीकडे आधी. म्हणजे आईच्या पाटल्या मुलीकडे जाणे हे आजचे नवे खूळ नव्हे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हा क्रम बदलला. त्याच्या कलम १४ ने स्त्रीच्या ताब्यातली मालमत्ता तिची पूर्ण मालकीची ठरवली, आणि कलम १५ ने तिच्यामागे मुलगे, मुली आणि नवरा यांना सारखा वाटा दिला. हा कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, शीख आणि जैनांनाही लागू आहे, म्हणजे नांदेडच्या बहुतेक वस्तीला. मुसलमान घरांत मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा असतो, पण तो ठरलेला असतो आणि भावाच्या मर्जीवर अवलंबून नसतो. मेहेर तर बाईचीच. १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्त्रीधन सासरी ठेवायला दिले तरी ते तिचेच राहते आणि कोणी ते परस्पर हडपले तर तो फौजदारी गुन्हा होतो. २०२४ मध्येही न्यायालयाने हेच पुन्हा ठामपणे सांगितले. नवरा अडचणीत ते वापरू शकतो, पण परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते.

कायद्याचा एक बारकावा आपल्या भागात माहीत असायलाच हवा. मूलबाळ आणि नवरा मागे नसलेली बाई गेली, तर तिची मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. फक्त आईवडिलांकडून वारशाने आलेला भाग तिच्या वडिलांच्या वारसांकडे परततो. किल्लारीच्या पहाटे अख्खी कुटुंबे गेली. अशा वेळी आधी कोण गेले हे कळत नाही, म्हणून वयाने लहान असलेली व्यक्ती मागे राहिली असे कायदा गृहीत धरतो. एखाद्या विधवेच्या गळ्यातली माहेरची एकदाणी दिराच्या मुलांकडे जाणार की भावाकडे, हे अशा गृहीतकांवर आणि ती कुठून आली याच्या पुराव्यावर ठरते. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही करून केलेले मृत्युपत्र हा गुंता मिटवते. ते नोंदवलेच पाहिजे असेही नाही. जमिनीसाठी मृत्युपत्र करणारी माणसे सोन्याचा त्यात उल्लेख करत नाहीत, याचे मला वाईट वाटते, कारण कित्येक घरांत आईच्या नावावर म्हणावे असे तेवढेच असते.

इथे सर्वात जोरदार आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. भाऊ म्हणतात, बहिणींना लग्नात दिलेच की. मांडवात पाच तोळे घातले, हुंडा दिला, वरची भांडी दिली, आता आईच्या डब्यातही वाटा? यात थोडे तथ्य आहे. कर्ज काढून मुलीचे लग्न केलेल्या घरात भाऊ ते कर्ज वर्षानुवर्षे फेडत असतो. पण लग्नात घातलेले सोने ही वारशाची आगाऊ उचल ठरत नाही, आणि हुंडा तर १९६१ पासून गुन्हा आहे. ज्या पैशातला बराचसा सासरच्या हाती गेला तो बहिणीच्या नावे मांडणे न्यायाचे नाही. शिवाय मुलाच्या शिक्षणाचा, नोकरीसाठी भरलेल्या पैशाचा हिशेब त्या वहीत कधी येत नाही. जमिनीच्या बाबतीत निदान हक्कसोडपत्र तरी होते. बहीण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन सही करते, आपण काय सोडतो आहोत ते तिला ठाऊक असते. सोन्यात तेवढीही वेळ येत नाही. ‘आईच्या पाटल्या कुठे आहेत’ असे विचारले तर माहेर तुटेल या धास्तीने बहुतेक बहिणी गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्यालाच संमती समजले जाते. लग्नातले धरून वाटणी करायची असेल तर आईने जिवंतपणी, सगळ्यांसमोर तसे सांगावे आणि लिहून ठेवावे. तो तिचा अधिकार आहे.

वाटणी आणि विक्री लांबली तर काय होते याचे सर्वात मोठे उदाहरण आपल्याच जुन्या राज्यकर्त्याच्या घरचे आहे. नांदेड आणि लातूर १९४८ पर्यंत ज्याच्या अमलाखाली होते, त्या निजाम मीर उस्मान अली खानाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या जवाहिरांचे न्यास केले. तो १९६७ मध्ये वारला. विश्वस्तांनी पुढे दागिने विकायचे ठरवले तेव्हा ते देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून सरकार मध्ये पडले आणि किमतीवरून वर्षानुवर्षे न्यायालयात झगडा चालला. शेवटी १९९५ मध्ये भारत सरकारने १७३ नग सुमारे २१८ कोटी रुपयांना घेतले, त्यात १८४.७५ कॅरेटचा जेकब हिरा होता. लिलाव करणाऱ्या परदेशी कंपन्यांचे अंदाज यापेक्षा कितीतरी मोठे होते. तोवर वारसांची संख्या वाढली होती आणि प्रत्येकाचा वाटा आटला होता. तरी एक गोष्ट या घराने वेळेवर केली होती. न्यासपत्रामुळे हे नग कोणाच्या लाभासाठी आहेत, ते कागदावर होते. मोठे भांडण झाले ते किमतीचे. पाच तोळ्यांच्या घरात मालकीवरूनच भाऊबंदकी होते, कारण तिथे वहीचे एक पानही नसते.

म्हणून पहिले काम यादीचे. आई किंवा आजी हयात असतानाच एकेक डाग समोर ठेवून तो माहेरचा की सासरचा, कोणत्या साली केला, कोणासाठी ठेवला हे लिहून घ्यावे, फोटो काढावा, वजन करावे. इथे जुन्या चिठ्ठ्या वाचताना काळजी हवी. जुना तोळा १२ माशांचा, ९६ गुंजांचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आज बाजारात १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. आजीच्या चिठ्ठीत ‘पाच तोळे’ लिहिले असेल तर ते ५८ ग्रॅमच्या वर भरायला हवे. घरच्यांनी ५० ग्रॅम धरले तर मधल्या आठ ग्रॅमचे, लाखाच्या भावाने ऐंशी हजारांहून जास्त, कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. सालही उपयोगी पडते. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणात १४ कॅरेटवरचे नवे दागिने करायला बंदी होती, ती १९६६ मध्ये सैल झाली. त्या दोन-तीन वर्षांत झालेल्या लग्नातला डाग कमी कसाचा निघाला तर सोनाराला दोष देण्याआधी हे आठवावे. हॉलमार्क २००० नंतरचा आणि सक्तीचा झाला तो २०२१ पासून, त्यामुळे वारशाच्या बहुतेक सोन्यावर कोणताही शिक्का नसणारच.

दुकानातल्या तक्रारींचे मूळही बहुतेक इथेच असते. घरचे माणूस तराजूवरचे वजन आणि टीव्हीवरचा भाव यांचा गुणाकार करून निघते. एक हिशेब मांडून पाहू. बोरमाळ ५० ग्रॅम भरली. मण्यांतली लाख, खडे आणि दोरा काढल्यावर ४६ ग्रॅम राहिले. टंच, म्हणजे शुद्ध सोन्याचे शेकडा प्रमाण, निघाला ८८. म्हणजे शुद्ध सोने साडेचाळीस ग्रॅमच्या आसपास, आणि लाखाच्या भावाने चार लाख पाच हजारांच्या जवळपास. पाच लाख मनात धरून आलेल्याला वाटते की आपण लुबाडलो गेलो, पण यात कोणी फसवलेलेच नाही. त्यावर सराफ घट किंवा बट्टा म्हणून आणखी काही कापतो, तिथे मात्र दुकाना-दुकानात फरक असतो आणि तिथेच घासाघीस करायची. घडणावळ परत मिळत नाही, हे आधीच मनात ठेवावे. टंच कसा काढला तेही विचारावे. यंत्राखाली धरून क्ष-किरणांनी केलेली तपासणी वरच्या थराचा कस सांगते, जाड टाक्याच्या आतले तिला दिसत नाही. नमुना वितळवून, शिशाबरोबर मुशीत तापवून आणि आम्लाने चांदी वेगळी करून काढलेला कस खरा. भारतीय मानक ब्युरोने मान्यता दिलेल्या तपासणी केंद्रांत सामान्य माणसालाही थोड्या शुल्कात आपला डाग तपासून मिळतो. तो कागद हातात घेऊन दोन-तीन सराफांकडे जावे. वितळवायचेच असेल तर डोळ्यासमोर वितळवून घ्यावे.  मोठ्या शहरात जास्त मिळेल म्हणून हैदराबाद-पुणे गाठणाऱ्यांनी टंचाचा कागद आधी काढावा. भाव सगळीकडे जवळजवळ एकच असतो, फरक पडतो तो कसात आणि कापणीत.

विकण्याऐवजी गहाण ठेवावे, असे पुष्कळजण सुचवतात. ही सूचना मोलाची आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांत अडीच लाखांपर्यंतच्या सोनेतारण कर्जाला किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत मर्यादा आहे, त्यावर पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि पुढे ७५ टक्के. कर्ज फिटल्यावर सोने परत द्यायला उशीर झाला तर रोज ५,००० रुपये भरपाई. सावकाराकडे जायचेच असेल तर परवानाधारकाकडे जावे. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली शेतकऱ्याच्या तारण कर्जाला वर्षाला ९ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावता येत नाही. २०१५ मध्ये राज्य सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचे परवानाधारक सावकारांकडचे कर्ज स्वतः फेडायचे ठरवले; बिनपरवाना सावकाराकडे डाग ठेवलेल्याला त्या निर्णयाचा आधार घेता येत नव्हता. पण तारण उपयोगी कधी? पैसा परत येण्याची तारीख दिसत असेल तेव्हा. बियाण्यासाठी जूनमध्ये ठेवलेला डाग सोयाबीन विकून सोडवता येतो. तीन-चार वर्षांच्या शिक्षणासाठी ठेवलेला डाग व्याजात बुडून लिलावात जाण्याची भीती मोठी असते, आणि लिलावात गेलेल्या डागाचा भाव आपण ठरवत नाही. तिथे निम्मे सोने शांतपणे विकणे बरे. सरकारच्या सुवर्ण ठेव योजनेचा मध्यम आणि दीर्घ मुदतीचा भाग मार्च २०२५ मध्ये बंद झाला, त्यामुळे तो पर्याय आता जवळपास राहिलेला नाही.

भाव वाढतोच आहे, मग थांबू नये का? ज्याला गरज नाही त्याने खुशाल थांबावे. पण सोने नेहमी चढते हा समज खरा नाही. २०१२ मध्ये १० ग्रॅमला ३१ हजारांच्या घरात असलेले सोने २०१५ मध्ये २६ हजारांच्या आसपास आले होते, आणि त्याच वर्षांत मराठवाड्याने पुन्हा पुन्हा दुष्काळ पाहिला. थांबण्याचा मला पटणारा हिशेब वेगळा आहे. ज्या बाईच्या नावे जमीन नाही, घर नाही, तिच्या सगळ्या सोन्याचे एकदम पैसे करू नयेत. आणि केलेच तर ते तिच्या खात्यात, तिच्या नावच्या ठेवीत किंवा घरात जावेत.

खाते कोणाचे, हा प्रश्न आता कर आणि रोखीच्या नियमांनीही समोर आणला आहे. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि दहा हजारांपुढची रोख दिली तर सराफाला तो खर्च हिशेबात धरता येत नाही, म्हणून पैसा खात्यातच येतो. वारशाने सोने मिळाले यावर कर नाही. विकताना मात्र भांडवली नफ्यावर आहे: आजीने ज्या दिवशी घेतले तिथपासूनचा काळ धरला जातो, २००१ च्या आधीचे असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत मूळ धरता येते, आणि फरकावर १२.५ टक्के. २००१ मध्ये १० ग्रॅम सव्वाचार हजारांच्या आसपास होते. पाच लाखांना विकलेल्या ५० ग्रॅमवर जवळजवळ पावणेपाच लाख नफा आणि साठ हजारांच्या आसपास कर बसतो, आणि एकट्या नोकरदार मुलाच्या खात्यात विक्री दाखवली तर तो सगळा त्याच्यावर येतो. तीच विक्री आई आणि तीन भावंडे या चार वारसांच्या चार खात्यांतून झाली, तर ज्यांचे दुसरे करपात्र उत्पन्न नाही त्यांचा वाटा नव्या करपद्धतीतल्या चार लाखांच्या करमुक्त मर्यादेत बसतो. म्हणजे बहिणींना खरा वाटा देणारे घर करातही वाचते. जुने मोडून नवे घेतले तरी तीही विक्रीच धरली जाते. आणि ५०० ग्रॅमपेक्षा जास्त सोने घरात ठेवता येत नाही, या अफवेने घाबरून कोणी विकू नये. १९९४ ची ती सूचना छाप्यात विवाहित स्त्रीचे किती सोने जप्त करायचे नाही एवढ्यापुरती आहे.

आता काय मोडायचे. तुटलेल्या साखळ्या, एकाकी राहिलेले झुबे, गेल्या वीस-तीस वर्षांत दुकानातून तयार घेतलेले हार आधी काढावेत. त्यांत जाण्यासारखे वजनाखेरीज फारसे काही नसते. ज्या डागात कारागिरी आहे तो वजनाने विकणे म्हणजे घडणावळ आणि घडण दोन्ही घालवणे. किनवट, मुखेड, कंधार भागातल्या बंजारा तांड्यांवरच्या चांदीच्या घुगऱ्या, टोपल्या, हांसळ्या यांचे तर फार वाईट होते. त्यांच्या चांदीचा कस कमी म्हणून सराफ त्या पडत्या भावाने घेतो आणि वितळवतो, आणि तसे घडवणारे हात आता सहज सापडत नाहीत. जुन्या मोहरा किंवा अश्रफ्या माळेत असतील तर त्या नाणेसंग्राहकाला दाखवल्याशिवाय मुशीत जाऊ देऊ नयेत, आणि शंभर वर्षांपुढची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे परदेशी पाठवता येत नाही हेही लक्षात ठेवावे. राहिला तो डाग, जो जिचा आहे ती बाई अजून घरात आहे आणि तिने अजून हो म्हटलेले नाही. तिला फीचा आकडा सांगावा, टंचाचा कागद दाखवावा, पैसे कोणाच्या खात्यात जाणार ते सांगावे, आणि ती नाही म्हणाली तर फीची दुसरी सोय शोधावी.